पोकळीचे काम

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सरसाठी १२० क्रमांकाचा नियम आहे. शेतीच्या ट्रॅक्टरसकट प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असला पाहिजे आणि इंजिनातून सुटणाऱ्या जळक्या वायूंचा आवाज त्याने होता होईल तेवढा कमी केला पाहिजे, असे तो बजावतो. आवाज कशाने कमी करायचा, याचे साधनही नियमाने नाव घेऊन सांगितले आहे. ते म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, नळीच्या वाटेवर मुद्दाम केलेली मोठी पोकळी. दुसरा एखादा उपाय चालेल अशी मुभा पुढे आहे, पण नाव घेतले आहे ते या एकाच उपायाचे. एरवी या नियमाची आठवण निघते ती दंडाची पावती फाटताना. तो ज्या पोकळीवर उभा आहे ती आत नेमके काय करते, हे मात्र गाडी चालवणाऱ्याला, आणि पुष्कळदा ती दुरुस्त करणाऱ्यालाही, कोणी सांगितलेले नसते. पुढची प्रकरणे त्यासाठी लिहिली आहेत.

भंगारात गेलेला सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापला की आत फारसे काही दिसत नाही. पत्र्याच्या दोन-तीन आडव्या भिंती, भोके पाडलेल्या एक-दोन नळ्या, कडेला काजळी, आणि बाकी सगळी रिकामी जागा. हलणारा एकही भाग नाही, स्प्रिंग नाही, वायर नाही. ही रिकामी जागा काय करते असे गॅरेजमध्ये विचारले तर साधारण दोन उत्तरे मिळतात. धुराला पसरायला जागा मिळते म्हणून तो शांत होतो, हे एक. आवाज जाळीत अडकतो, हे दुसरे. पहिल्यात तथ्य आहे, पण ते अगदी संथ धक्क्यांपुरते. मोठा डबा अशा धक्क्यांचे चढउतार सपाट करतो. दुसरे उत्तर बहुतेक सायलेन्सरांना लागू पडत नाही. आवाज तिथे अडकत नाही. तो परत फिरतो.

हे समजायचे तर इंजिनापासून सुरुवात करावी लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात जळणाचा स्फोट पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या थोडे आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमध्ये वातावरणाच्या कितीतरी पट दाब शिल्लक असतो आणि वायू तापून लाल झालेल्या लोखंडाइतका गरम असतो. व्हॉल्व्हची फट उघडताच तो बाहेर झेपावतो. पहिल्या काही क्षणांत त्या फटीतला त्याचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडलेला असतो. या झेपेने नळीतल्या वायूला जो धक्का बसतो, तोच आपल्याला पुढे आवाज म्हणून ऐकू येतो.

इथून पुढे एकाच नळीतून दोन प्रवासी निघतात, आणि त्यांना वेगळे ओळखणे ही या विषयाची गुरुकिल्ली आहे. एक आहे खुद्द वायू, ज्याला आपण धूर म्हणतो. मोटरसायकलच्या नळीत तो सरासरी सेकंदाला वीस-तीस मीटर वेगाने सरकतो. दुसरा आहे दाबाचा तरंग. तो त्याच वायूतून, पण वायूच्या फार पुढे, सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतो. मोकळ्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो. तापलेल्या वायूत तो वाढतो, आणि ३५० अंश सेल्सियसला तो ५००च्या घरात जातो. धूर बाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या फेरीची ताजी हवा सिलिंडरमध्ये येणार कुठून? तरंग मात्र बाहेर जाता कामा नये. सायलेन्सर बनवणाऱ्याचे सगळे कसब या एका निवडीत आहे: वायूला वाट द्यायची आणि तरंगाला माघारी पाठवायचे. नळीला बूच मारले तर दोघेही थांबतील आणि इंजिन गुदमरेल. नळी सरळ मोकळी सोडली तर दोघेही निसटतील. पोकळी हा या दोघांच्या मधला मार्ग आहे, आणि तो शोधणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरंग परत का फिरतो? नळी एका जाडीची आहे तोवर तो विनासायास पुढे जातो. नळी जिथे अचानक रुंद होते तिथे त्याच्यापुढची परिस्थिती बदलते. अरुंद नळीत थोडा वायू हलवायला जितका दाब लागत होता, त्या दाबाने रुंद जागेत कितीतरी जास्त वायू हलू शकतो. दाब आणि प्रवाह यांचे जुळलेले प्रमाण त्या उंबरठ्यावर मोडते. ते पुन्हा जुळावे म्हणून तरंगाचा काही भाग उलट दिशेने निघतो, आणि तोही उलटा होऊन: दाबाचा धक्का गेला असेल तर विरळपणाचा धक्का परत येतो. यात भिंतीचा काही संबंध नाही. समोर अडवायला काहीही नसताना, केवळ जागा मोठी झाली म्हणून, ध्वनी माघारी वळतो. बासरीतून सूर निघतो तोही याच नियमाने. तिच्या उघड्या भोकापाशी आतला तरंग मोकळ्या हवेला भेटतो आणि बराचसा परत आत फिरतो. तो पुरता बाहेर निघून गेला असता तर बासरीत सूर धरलाच नसता.

आकड्यांत पाहू. समजा, नळीचा व्यास ३५ मिलिमीटर आहे आणि पोकळीचा १०५. व्यास तिप्पट झाला म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ नऊपट झाले. अशा उंबरठ्यावर तरंगाच्या ऊर्जेचा ६४ टक्के भाग परत फिरतो आणि ३६ टक्केच पोकळीत शिरतो. पोकळीच्या दुसऱ्या टोकाला नळी पुन्हा अरुंद होते, तिथे उरलेल्यातला तेवढाच वाटा पुन्हा माघारी वळतो. आत मागेपुढे धावणारे हे सगळे तरंग एकमेकांत मिसळतात. पोकळीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल तेव्हा त्यांचे येणे-जाणे असे काही जुळते की बाहेर पडू पाहणाऱ्या तरंगाला मागून आलेले तरंग बरेचसे पुसून टाकतात. नऊपट क्षेत्रफळाच्या पोकळीतून अशा वेळी जेमतेम विसावा हिस्सा ऊर्जा पार होते. डेसिबलच्या भाषेत ही घट १३ होते. व्यास चौपट केला, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, तर ती १८वर जाते. दुप्पटच ठेवला तर साडेसहावर थांबते. डेसिबलचे मोजमाप गुणाकाराचे आहे, हे इथे लक्षात ठेवायचे. दहा डेसिबल घटले म्हणजे ऊर्जा दशांश झाली, आणि कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

पोकळी कितीही मोठी केली तरी तिचा एक दुबळेपणा सुटत नाही. तिची लांबी तरंगलांबीच्या बरोबर निम्मी भरली की परत फिरलेले सगळे तरंग एकमेकांना खोडतात आणि मूळ तरंग जसाच्या तसा बाहेर पडतो. जणू मध्ये पोकळी नव्हतीच. वरच्या उदाहरणात पोकळी अर्धा मीटर लांब धरली आणि वायूत ध्वनीचा वेग ५०० मीटर, तर २५० हर्ट्झला ती सर्वांत चांगले काम करते आणि ५०० हर्ट्झला शून्य. पुढे ७५० हर्ट्झला पुन्हा उत्तम, १००० हर्ट्झला पुन्हा शून्य. शिवाय हे आकडे जागचे हलतात. पहाटे गाडी सुरू केली की सायलेन्सर गार असतो, आतला ध्वनी ३४३च्या आसपास धावतो, आणि शून्याची पहिली जागा ५०० हर्ट्झवरून ३४३ हर्ट्झवर सरकलेली असते. गार गाडीचा आणि तापलेल्या गाडीचा आवाज वेगळा लागतो याचे एक कारण हे आहे. अनुभवी मेकॅनिक इंजिन तापल्याशिवाय आवाजावरून निदान करत नाही. त्याच्या या सवयीमागे भक्कम भौतिकशास्त्र उभे आहे.

या दुबळेपणावरचा उपाय मला या संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा वाटतो. आत येणारी नळी पोकळीच्या तोंडाशी न संपवता तशीच आत वाढवायची, पोकळीच्या निम्म्या लांबीपर्यंत. बाहेर जाणारी नळीही दुसऱ्या बाजूने आत घ्यायची, चतुर्थांश लांबीपर्यंत. आता या नळ्यांच्या भोवती, नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये, एका टोकाला बंद असलेली दोन कडी तयार होतात. निम्म्या लांबीचे कडे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या शून्यावर बसते आणि तिथला तरंग अडवते. चतुर्थांश लांबीचे कडे दुसऱ्या आणि सहाव्या शून्याची भोके बुजवते. ओळीने पाहिले तर चौथे शून्य तेवढे उघडे राहते. जास्तीचा पत्रा जवळपास लागत नाही, वायूची वाट अडत नाही, वजन वाढत नाही. फक्त नळी कुठे कापायची हे ठाऊक असावे लागते. प्रत्यक्षात नळीच्या टोकाशी तरंग थोडा बाहेरपर्यंत जाऊन वळतो, म्हणून मोजलेली लांबी किंचित कमी ठेवावी लागते. हा हिशेब तिसऱ्या प्रकरणात उदाहरणासह केला आहे.

इथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे: परत फिरलेली ऊर्जा जाते कुठे? थोडी नळ्यांच्या भिंतींशी घासून उष्णतेत जाते, थोडी नळीच्या तोंडाशी उठणाऱ्या भोवऱ्यांत. पण मोठा भाग उष्णतेत जात नाही. परतलेला तरंग इंजिनापर्यंत पोहोचतो आणि तिथला दाब बदलतो. त्यामुळे पुढच्या धक्क्यातून ध्वनी म्हणून नळीत उतरणारी ऊर्जाच कमी होते. आवाज बाहेर पडण्याआधी मारला जातो असे आपण म्हणतो. खरे तर त्यातला बराचसा जन्मालाच येत नाही. म्हणून एकच सायलेन्सर एका इंजिनावर उत्तम चालतो आणि दुसऱ्यावर साधारण ठरतो. इंजिन, मधली नळी, पोकळी आणि शेवटची शेपटी मिळून एक यंत्रणा होते. त्यातला एकच तुकडा बदलून बाकीचे जसेच्या तसे राहील अशी अपेक्षा धरता येत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल या रीव्ह्‌ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या एक्झॉस्टसाठी सायलेन्सरचे पेटंट घेतले. पोकळीतल्या हवेच्या कंपनांचे गणित त्याच्या कितीतरी आधी जर्मनीत हेल्महोल्ट्झने मांडले होते; सूरसंवेदनेवरचा त्याचा ग्रंथ १८६३चा आहे. ते गणित आणि मोटारीचा पत्र्याचा डबा यांची गाठ पडायला मात्र बराच काळ गेला. तोवर डबे अंदाजाने आणि अनुभवाने बनत राहिले. अनेक डब्यांत वायूची कोंडी होई, म्हणून त्या काळच्या बऱ्याच मोटारींना 'कट-आउट' नावाची झडप असे. चढ लागला की चालक पायाने ती उघडी आणि सायलेन्सरला वळसा घालून धूर थेट बाहेर सोडी. बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळवणारे हायरम पर्सी मॅक्सिम पुढे इंजिनांच्या सायलेन्सरांकडे वळले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आयोवा विद्यापीठातल्या जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांनी ध्वनीच्या गाळणीचा सिद्धांत मांडला. विजेच्या मंडलात जशा ठरावीक वारंवारता गाळता येतात, तशा त्या नळ्या आणि पोकळ्यांच्या मांडणीने ध्वनीतूनही गाळता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

या वाटेवरचा एक टप्पा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९५४ साली अमेरिकेतील नाका या वैमानिकी संशोधन संस्थेने ११९२ क्रमांकाचा अहवाल काढला. डेव्हिस, स्टोक्स, मूर आणि स्टीव्हन्स यांनी तो लिहिला होता. एकपदरी पोकळ्या, ओळीने जोडलेल्या पोकळ्या, बाजूला काढलेल्या बंद नळ्या असे ७७ सायलेन्सर त्यांनी एकेक करून तपासले. इंजिनाच्या जागी त्यांनी लाउडस्पीकर लावला. वायूचा प्रवाह नाही, उष्णता नाही. खोलीच्या तापमानाला, एकेका वारंवारतेवर किती ध्वनी पार होतो याचे आलेख काढले आणि ते समीकरणांशेजारी ठेवले. गुंतागुंतीच्या गोष्टीतून एक धागा आधी वेगळा काढायचा आणि तो पक्का करायचा, हे त्या अहवालातून शिकावे. प्रवाह आणि उष्णता यांचा विचार पुढच्या पिढीने केला. त्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक एम. एल. मुंजाल यांचा वाटा फार मोठा आहे. नळ्या आणि सायलेन्सर यांच्या ध्वनिशास्त्रावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले, आणि जगभर या विषयाचे अभ्यासक ते हाताशी ठेवतात. सायलेन्सरचा प्रत्येक तुकडा एका छोट्या गणिती चौकटीत मांडायचा आणि मग त्या चौकटी एकीला एक गुणत जायचे, ही रीत त्यांनी सर्वांना वापरता येईल इतकी सोपी करून दिली. हे पुस्तकही त्याच रीतीने चालते.

पोकळी पत्र्याचीच असली पाहिजे असे नाही. एका जागी बसवलेल्या जुन्या मोठ्या इंजिनांसाठी जमिनीत विटांचा किंवा काँक्रीटचा हौद बांधून एक्झॉस्टची नळी आधी त्यात सोडत, आणि हौदातून दुसरे धुराडे वर काढत. हीदेखील एक्स्पान्शन चेंबरच, फक्त फार मोठी. संथ इंजिनाच्या जाड धक्क्यांना तेवढी मोठी जागा लागतेच. आज इमारतींच्या आवारात दिसणाऱ्या डिझेल जनरेटरना एवढी जागा कुणी देत नाही, आणि १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला त्याच्या बंदिस्त पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. तिथे पोकळी, काचेची लोकर आणि पेटी या तिघांना मिळून काम करावे लागते.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट निराळी आहे, आणि ती न सांगता पुढे गेलो तर जुन्या आरएक्स १००वर जीव लावलेले वाचक मला माफ करणार नाहीत. या इंजिनांच्या शर्यतीच्या गाड्यांवर मधे फुगलेला आणि दोन्हीकडे निमुळता होत गेलेला जो पाइप दिसतो, त्यालाही एक्स्पान्शन चेंबरच म्हणतात. तो आवाजासाठी बनवलेला नाही. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दरवाजे एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटते. फुगत जाणाऱ्या शंकूवरून विरळपणाचा तरंग परत येतो आणि सिलिंडर ओढून रिकामा करतो. नंतर निमुळत्या शंकूवरून दाबाचा तरंग परत येतो आणि बाहेर सांडलेले मिश्रण पुन्हा आत ढकलतो. वेळ अचूक जुळली तर शक्ती कमालीची वाढते. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ येथील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र परिपूर्णतेला नेले. १९६१ सालापर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली होती. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला, त्याच्यासोबत हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले, आणि १९६२ साली ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद डेग्नरने सुझुकीवर जिंकले. तरंग परत फिरतो हे तत्त्व दोन्ही पोकळ्यांत एकच आहे. एकीत त्याला घरी बसवायचे असते, दुसरीत कामाला लावायचे असते.

आता त्या विषयाकडे येतो ज्याच्यामुळे हे पुस्तक लांबणीवर टाकणे मला अशक्य झाले. आपल्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही, मूळ सायलेन्सर काढून 'पंजाब' किंवा 'इंदोरी' नावाने विकले जाणारे पाइप बसवण्याची हौस पसरली आहे. बुलेटवर तर विशेष. पोलीस असे पाइप जप्त करतात आणि रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. त्या कारवाईला माझा पाठिंबा आहे. पण ज्या मुलाने तो पाइप विकत घेतला त्याला त्या पाइपात काय नाही हे कोणी दाखवले, तर त्याचा निर्णय बदलू शकतो असा माझा विश्वास आहे, आणि म्हणून त्याच्याशी थोडे सविस्तर बोलायचे आहे.

एकसिलिंडरी फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला २५ स्फोट होतात. म्हणजे मूळ धडधड २५ हर्ट्झची आहे. वर घेतलेली अर्ध्या मीटरची, नऊपट क्षेत्रफळाची पोकळी २५ हर्ट्झला जेमतेम पावणेदोन डेसिबल घटवते. ती तिथे पूर्ण परिणामकारक व्हायला पाच मीटर लांब असावी लागेल. याचा अर्थ असा की बुलेटप्रेमींना जी भारदस्त, संथ धडधड प्रिय आहे, तिच्या मुळाला ही साधी पोकळी फारसा हात लावतच नाही. ती काढते ते शंभर हर्ट्झपासून वरचे, कानाला चिरणारे घटक. चारसिलिंडरी मोटार याच वेगाला सेकंदाला १०० धक्के देते, आणि तिथे हीच पोकळी जवळपास नऊ डेसिबल खाली आणते. आपल्या कानाची तीक्ष्णता २५ हर्ट्झला फार कमी आणि एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक असते. त्यामुळे पोकळी काढून टाकणाऱ्याच्या पदरात धडधडीची थोडी भर पडते, आणि रस्त्यालगतच्या घरात झोपलेल्या माणसाच्या कानावर वरच्या पट्टीतला सगळा कडकडाट आदळतो. ताकद वाढते म्हणावे तर तेही बहुतेकदा खरे नसते. मूळ सायलेन्सरने परत पाठवलेले तरंग इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या वेळेशी जुळवलेले असतात. ते निघून गेले की वायूची कोंडी कमी होऊनही मधल्या वेगांत इंजिन ढेपाळू शकते, आणि रोजच्या रहदारीत आपण त्याच मधल्या वेगांत गाडी चालवतो.

कायद्याचे आकडेही त्या मुलापुढे असावेत. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. गाडी वेग घेत धावत असताना साडेसात मीटरवर माइक ठेवून हे मोजमाप होते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली. आवाजाचे मानक मोडणारे वाहन चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०. ऐंशी आणि चाळीस यांच्या मधले अंतर ऊर्जेच्या मापात दहा हजारपट आहे. कायदा पाळणारी गाडीदेखील रुग्णालयापाशी किती जपून न्यायला हवी, हे यावरून दिसते.

पोकळी सगळीच कामे करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या डब्यात तीन हजार हर्ट्झच्या आसपास तरंग सरळ रेषेत चालणे सोडून देतो आणि आडवातिडवा नाचू लागतो. तिथून पुढे वरचे हिशेब लागू पडत नाहीत. त्या पट्ट्यासाठी भोकांच्या नळीभोवती काचेची किंवा पोलादाची लोकर भरतात, आणि ती मात्र ध्वनीचे खरोखर उष्णतेत रूपांतर करते. काही वर्षांनी ती जळते, उडून जाते, आणि सायलेन्सर फुटका वाजू लागतो. पातळ पत्रा स्वतःच थरथरून आवाज करतो, म्हणून चांगले डबे दुहेरी पत्र्याचे असतात. गंज हा आणखी एक शत्रू. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. तापलेल्या सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ते आतच साचते आणि पत्र्याला आतून खाते. कोकणातल्या खाऱ्या हवेत बाहेरूनही हल्ला असतो. बऱ्याच सायलेन्सरांना तळाशी सुईएवढे भोक कारखान्यातच ठेवलेले असते, ते या पाण्यासाठी. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवणारे आजही भेटतात. हे एक भोक तेवढे उघडे राहिले तरी सायलेन्सरचे आयुष्य वाढेल.

पुस्तक आयटीआय आणि पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच स्वतःचे गॅरेज चालवणाऱ्यांसाठी लिहिले आहे. त्रिकोणमिती आणि लॉगरिदम दहावी-बारावीपुरते आले तर पुरे. समीकरण आवडत नसेल त्याने चौथे प्रकरण सोडून सरळ पाचव्याकडे जावे; तिथे तेच सगळे आलेखांतून मांडले आहे. रूढ मराठी शब्द आहे तिथे तो वापरला आहे, आणि गॅरेजमध्ये इंग्रजी शब्दच तोंडी असेल तर तोच ठेवला आहे, कारण वाचकाने पुस्तक मिटून बाजूच्या माणसाला काही सांगावे तर ते त्याला समजले पाहिजे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक करावे. भंगारवाल्याकडून एक जुना सायलेन्सर आणावा. तो थंड आणि कोरडा असल्याची खात्री करून, चष्मा आणि हातमोजे घालून, तोंडावर फडके बांधून लांबीत कापून घ्यावा. आतली काजळी आणि लोकर फुप्फुसांत जाऊ देऊ नये. मग टेपने तीन मापे घ्यावीत: येणाऱ्या नळीचा व्यास, पोकळीचा व्यास, पोकळीची लांबी. नळी आत वाढवलेली असेल तर ती किती, तेही लिहावे. या आकड्यांवरून तो डबा कोणत्या वारंवारतेला सर्वांत जास्त अडवतो आणि कोणत्या वारंवारतेला मोकळे सोडतो, हे दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी काढता येईल. उत्तर आले की तो सायलेन्सर ज्या गाडीचा होता त्याच प्रकारची चालती गाडी शोधावी, इंजिन तापू द्यावे, आणि ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवत कान देऊन ऐकावे.